पाय कुठं टेकतोय ते कळू दे: सजग नृत्य आणि ते शिकवण्यातलं सुख

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात नाचणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत लेझीम असते, विसर्जनाला ढोल आणि झांजपथक असतं, गौरीच्या रात्री झिम्मा-फुगडी रंगते, आणि गावोगावच्या पारायण सोहळ्यात टाळ-मृदंगावर पावली चालते. धनगरांचं गजीनृत्य आहे, शेजारच्या कन्नड गावांतला डोळ्ळू कुणिता हा ढोलावरचा नाचही आपल्या ओळखीचा आहे. तरीही चाळिशीच्या एखाद्या बाईला "चला, थोडं नाचूया" म्हटलं, की पहिलं उत्तर ठरलेलं: "मला नाचाय येत नाही ओ." लहानपणी अंगण दणाणून सोडणारी फुगडी घातलेली हीच बाई असते. तिला मी म्हणते, "येतंय की ओ. फुगडी घालत होतासा न्हवं?" मग ती हसते, पण जागेवरून हलत नाही.

नाच येत नाही असं तिला वाटतं, कारण मधल्या काळात नाच ही बघायची गोष्ट झाली. स्नेहसंमेलन, लग्नातला संगीत, टीव्हीवरच्या स्पर्धा, मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या चित्रफिती. सगळीकडे समोर कुणीतरी बघणारं आहे आणि नाचणाऱ्याला गुण द्यायला तयार आहे. सजग नृत्य या बघणाऱ्याला खोलीबाहेर ठेवतं. इथं लक्ष हालचाल कशी दिसते यावर नसतं, ती आतून कशी जाणवते यावर असतं: पाऊल कुठं टेकलं, वजन टाचेवर आहे की चवड्यावर, खांदा उचलला तेव्हा ओढ कुठं लागली, श्वास अडकला का. कल्पना एवढीच. मी बेळगावात बायकांचा असा एक वर्ग घेते. या साध्या गोष्टीनं माणसाला बरं का वाटतं, आणि ती शिकवणाऱ्याला त्याहून जास्त का वाटतं, हे इथं उलगडून सांगते.

हे आलं कुठून

दोन प्रवाह एकत्र आले. पहिला नृत्याचा. अमेरिकेत मारियन चेस ही नर्तकी १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात रुग्णांसोबत काम करू लागली. बोलणं बंद झालेली माणसंही तालात हलू लागतात आणि त्या वाटेनं इतरांशी जोडली जातात, हे तिथं दिसत गेलं. पुढं १९६६ मध्ये अमेरिकेत नृत्योपचारकांची संघटना उभी राहिली. दुसरा प्रवाह ध्यानाचा. बौद्ध परंपरेत चालता चालता करायचं ध्यान फार जुनं आहे; चंक्रमण म्हणतात ते. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताण आणि जुनाट दुखणी असलेल्यांसाठी आठ आठवड्यांचा सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, आणि अशा सरावाला दवाखान्याचं दार उघडलं.

एक फरक आताच सांगून ठेवते. नृत्योपचार हा प्रशिक्षित उपचारकानं करायचा उपचार आहे. माझ्यासारखी शिक्षिका घेते तो वर्ग आहे. वर्गात बरं वाटतं म्हणून तो उपचार ठरत नाही.

डोळे, कान सोडून आणखी तीन इंद्रियं

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं पाठ केली. सजग नृत्यात खरं काम करतात ती त्या यादीबाहेरची.

पहिलं इंद्रिय शरीराचा कुठला भाग कुठं आहे ते सांगतं. स्नायूंच्या आत, आणि स्नायू हाडाला जिथं जोडलेले असतात त्या कंडरांमध्ये, ताण मोजणारे बारीक संवेदक असतात. अंधारात पाण्याचा तांब्या तोंडाशी नेताना तो नाकावर आपटत नाही, ते यांच्यामुळं. याची किंमत समजून घ्यायची तर इंग्लंडच्या इयन वॉटरमन यांच्याकडं बघावं. १९७१ मध्ये, १९ व्या वर्षी, एका आजारपणानंतर मानेखालच्या शरीराची ही जाणीवच त्यांनी गमावली. स्नायूंत ताकद होती, पण हात कुठं आहे, पाय कुठं आहे ते कळेना. त्यांनी प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघत, विचार करत नव्यानं शिकून घेतली. दिवे गेले की मात्र ते कोसळत. आपल्याला हे इंद्रिय फुकट मिळालंय आणि आपण दिवसभर त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही.

निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायका तासन्‌तास मान खाली घालून, मांडीवरच्या सुपावर वाकून बसतात. वडगाव-शहापुरात मागावर उभं राहणाऱ्यांचं, उद्यमबागेत फाउंड्रीत राबणाऱ्यांचं, पावसात भाताची रोप लावणाऱ्यांचं शरीरही असंच एका ठरावीक वळणात अडकतं. सतत तीच ठेवण असली की ती "सरळ" वाटायला लागते. खांदा कानाजवळ आलाय हे त्या बाईला कळतच नाही, कारण तिच्या लेखी खांद्याची जागा तीच. अशा वेळी "खांदे खाली करा" म्हणून भागत नाही. आधी खांदा मुद्दाम आणखी वर घ्यायचा, धरून ठेवायचा, आणि मग हळूहळू सोडायचा. वर आणि खाली यांतला फरक शरीराला कळला की पुढचं काम ते आपलं आपण करतं.

दुसरं इंद्रिय तोलाचं. ते कानाच्या आत, खोलवर असतं. तिथं तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत आणि त्यांत द्रव भरलेला आहे. आपण गिरकी घ्यायला लागलो की नलिका डोक्याबरोबर फिरते, पण आतला द्रव क्षणभर मागं राहतो. त्या फरकानं आतले बारीक केस वाकतात आणि मेंदूला "फिरतोय" असा निरोप जातो. गिरकी थांबली की उलटं होतं: डोकं थांबलेलं, द्रव अजून फिरतोय. म्हणून फुगडी सुटल्यावर घर फिरल्यासारखं वाटतं. या नलिकांशेजारी आणखी दोन छोटे अवयव आहेत. त्यांत चुन्याचे सूक्ष्म कण असतात, आणि खाली कुठं, वर कुठं हे त्यांच्यामुळं समजतं. वय वाढल्यावर हे कण कधी निसटून नलिकेत शिरतात, आणि मग नुसतं कुशीवर वळलं तरी गरगरतं. वर्गात अशी तक्रार कुणी सांगितली की मी तिला गिरक्या देत नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं पाठवते.

फुगडीवर मला थोडं थांबायचंय, कारण सजग नृत्यात जे जे शिकवायचं ते तिच्यात जवळजवळ सगळं आहे. दोघी हात गुंफून मागं झुकतात. एकटी अशी झुकली तर पडेल. पण समोरचीच्या ओढीनं तोल सावरतो, आणि वेग वाढेल तसं दोघींना आणखी झुकावं लागतं. समोरची हलकी असेल तर आपण कमी झुकायचं, ती घाबरली तर वेग कमी करायचा. हे कुणी बोलून ठरवत नाही. तळहातातून, मनगटातून, खांद्यातून समोरच्या बाईचं वजन "ऐकू" येतं. जिचं लक्ष क्षणभर उडालं तिचा पाय घसरतो. एवढी एकाग्रता, तीही हसत हसत आणि ओव्या-उखाणे म्हणत, आपल्या आज्ज्यांनी मंगळागौरीच्या रात्रीत बसवून ठेवली होती.

तिसरं इंद्रिय पोटातलं, छातीतलं. धडधड, भूक, दम, घशातला आवंढा. मेंदूत इन्सुला नावाचा एक भाग आहे, तिथं या आतल्या खबरा पोहोचतात, आणि भावना ओळखण्यातही त्याच भागाचा मोठा वाटा असतो. "मला राग आलाय" हे कळायच्या आधी जबडा आवळलेला असतो. जबडा आवळलाय हे लवकर कळायला लागलं तर रागाशी वागायला थोडी उसंत मिळते.

श्वास, आणि हरिपाठाची लय

आता वाचता वाचता एक करून बघा. मनगटावर नाडी धरा, सावकाश श्वास घ्या आणि आणखी सावकाश सोडा. बऱ्याच जणांना जाणवेल की श्वास घेताना नाडी किंचित भरभर चालते आणि सोडताना मंदावते. मेंदूपासून निघून हृदयाला आणि पुढं पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस आहे. तिचा हृदयावरचा लगाम श्वास सोडताना घट्ट होतो. म्हणजे उच्छ्वास लांबवणं हा हृदयाला सावकाश चालायला सांगण्याचा अगदी सरळ मार्ग आहे.

इटलीत लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक सुंदर निरीक्षण मांडलं. जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर झाली. हरिपाठावर हा प्रयोग झालेला नाही, त्यामुळं तोच आकडा मी हरिपाठाला चिकटवणार नाही. पण लांब चरण एका श्वासात म्हणायचा, मग पटकन श्वास भरून घ्यायचा, ही रचना तीच आहे. वर्गात "उच्छ्वास लांब करा" असं सांगितलं की बायका श्वासाशी कुस्ती खेळायला लागतात. त्याऐवजी अभंगाची एखादी ओळ म्हणत पावली घ्यायला लावली की श्वास आपोआप लांबतो, आणि कुणाला कळतही नाही. कन्नड बोलणाऱ्या मैत्रिणी पुरंदरदासांचं पद म्हणतात. काम तेवढंच होतं.

एकत्र हललं की काय होतं

एकटीनं आरशासमोर हात हलवणं आणि वीस जणींनी एका ठेक्यावर पाऊल टाकणं यांत फरक आहे, हे दिंडीत चाललेल्या कुणालाही सांगायला नको. ऑक्सफर्डच्या ब्रॉनविन टार, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी तो मोजला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला होता. काही गटांनी एकसारख्या हालचाली केल्या, काहींनी वेगवेगळ्या. काहींनी दमवणाऱ्या, काहींनी बसल्या बसल्या. नाचाच्या आधी आणि नंतर, रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर आवळून, दुखणं किती सोसतं ते तपासलं. दमवणाऱ्या नाचानं सोसण्याची ताकद वाढली, आणि एकसारख्या नाचानंही वाढली. दोन्ही परिणाम एकमेकांवर अवलंबून नव्हते. गटाबद्दलची जवळीकही वाढली. शरीरात तयार होणारी एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्यं यामागं असावीत, असा संशोधकांचा कयास आहे. आमच्या वर्गासाठी यातला अर्थ फार मोलाचा आहे: गुडघ्यामुळं जिला उड्या मारता येत नाहीत, तिला खुर्चीत बसून, पण सगळ्यांच्या ठेक्यात हात हलवूनही बरंच काही मिळू शकतं.

ठेक्याचंही शास्त्र आहे. मारिया विटेक यांच्या २०१४ च्या अभ्यासात असं दिसलं की फार सरळसोट ठेका माणसाला हलवत नाही, आणि फार गुंतागुंतीचाही हलवत नाही. मधला, म्हणजे पुढचा ठोका बहुतेक ओळखता येतो पण अधूनमधून चकवतो, तो ठेका पायाला ओढून नेतो. हलगी सुरू झाली की गल्लीतलं दोन वर्षांचं पोर का डोलायला लागतं, याचं निम्मं उत्तर इथं आहे.

पुरावा किती, आणि कुठं थांबतो

नाचानं नैराश्य बरं होतं, स्मृतिभ्रंश टळतो, असे संदेश आपल्या मोबाइलवर फिरत असतात. म्हणून जरा नीट बघूया.

२०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये व्यायाम आणि नैराश्य यांवरच्या २१८ अभ्यासांचा, १४,१७० माणसांचा एकत्रित आढावा आला. चालणं-पळणं, योग, वजनं उचलणं यांचा चांगला उपयोग दिसला, आणि नाचाचा परिणाम तर सगळ्यांत मोठ्या परिणामांपैकी होता. पण त्यात नाचावरचे अभ्यास मोजके होते, माणसं शंभराच्या थोडीच वर. म्हणून संशोधकांनीच तो आकडा जपून वापरायला सांगितलं.

स्मृतिभ्रंशाचं तसंच. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ माणसांचा अभ्यास गाजला. तपासलेल्या शारीरिक हालचालींत नाच तेवढा स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी जोडलेला दिसला. मात्र हे फक्त निरीक्षण आहे. विसरायला लागलेली माणसं आधीच नाचणं सोडून देत असतील, अशीही शक्यता उरते.

पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, चित्र जास्त स्पष्ट आहे. या आजारात चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो. बाहेरून ठेका मिळाला तर मेंदू वेगळ्या वाटेनं हालचाल सुरू करू शकतो, म्हणून ठेक्यावर चालण्याचा सराव उपचारात वापरतात. न्यूयॉर्कच्या मार्क मॉरिस डान्स ग्रुपनं २००१ मध्ये पार्किन्सन्स असलेल्यांसाठी नृत्यवर्ग सुरू केले, आणि आपल्याजवळ पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी असे वर्ग चालवले. बेळगावातही असा वर्ग नियमित चालावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणखी एक बारकावा, जो सजगतेवर बोलणारे बहुधा सांगत नाहीत. लास व्हेगसच्या नेवाडा विद्यापीठातल्या गॅब्रिएल वुल्फ यांचं वर्षानुवर्षांचं काम असं दाखवतं की कौशल्य शिकताना लक्ष अवयवांवर ठेवण्यापेक्षा परिणामावर ठेवलं तर हालचाल सुधारते. लेझीम शिकणाऱ्या मुलाला "मनगट असं वळव" म्हणण्यापेक्षा "खळ्‌ असा एकच आवाज काढ" म्हटलेलं बरं. म्हणजे पथक बसवायचं असेल, चित्ररथापुढं सादर करायचं असेल, तर सारखं आत बघायला लावणं उलट अडसर होईल. आत लक्ष देण्याचा सराव वेगळ्या कामाचा आहे: अडकलेलं शरीर ओळखणं, थांबणं, हलकं होणं. शिकवणाऱ्याला दोन्ही वेळा वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

शिकवतात कसं

आमच्या वर्गात आरसा नाही. गोल करून उभं राहायचं, मीही त्याच गोलात. पुढं उभं राहून शिकवलं की बायका नक्कल करतात, आणि नक्कल करताना नजर बाहेर जाते. सुरुवात पावलांपासून. डोळे मिटायची सक्ती नाही. ज्यांना मिटून भीती वाटते त्यांनी समोरच्या जमिनीवर नजर ठेवायची. वजन पुढं-मागं, उजवीकडं-डावीकडं, अगदी बोटभर. मग घोटे, गुडघे, कंबर, मणका, खांदे, मान. घाई कुणी केलीच तर आमच्यातलीच एक कन्नड अक्का "निधान, निधान" म्हणते आणि सगळ्यांचे हात आपोआप सावकाश होतात. त्यानंतर हालचाल मोठी करायची, खोलीभर फिरायचं, आणि शेवटी झिम्मा किंवा साधी पावली, सगळ्यांनी मिळून. संपताना काही मिनिटं पडून राहणं. हे पडून राहणं वगळू नये; धाप बसत जाताना जे जाणवतं ते कित्येकींना पहिल्यांदाच जाणवत असतं.

सगळ्यांत अवघड असते सूचनेची भाषा. "आराम वाटतोय ना?" असं विचारलं की बाई "हो" म्हणते, कारण शिक्षिकेला नाही कसं म्हणायचं. "काय कळतंय?" असं विचारावं आणि मग गप्प राहावं. उत्तर "काहीच नाही" आलं तरी ते उत्तर आहे. शरीराला हात लावून दुरुस्त करण्याआधी दर वेळी विचारायचं, मग ती बाई कितीही ओळखीची असो. आणि चूक-बरोबर कमी म्हणायचं. लेझीमच्या पथकात पाय चुकला तर ओळ मोडते, म्हणून तिथं सांगावं लागतं. इथं डावा पाय उशिरा आला तर आला.

शिकवणाऱ्याला काय मिळतं

मला या विषयात सगळ्यांत जास्त बोलायचंय ते इथं. शिकणारीला आठवड्यातून एखाद-दुसरा तास मिळतो. शिकवणारी तेवढ्या तासात दुप्पट लक्ष देत असते: स्वतःच्या शरीराकडं, कारण सूचना तिथूनच येते, आणि समोरच्या पंधरा-वीस शरीरांकडं, कारण पुढची सूचना त्यांच्यावरून ठरते. "टाच टेकू द्या" म्हणताना माझी टाच टेकली नसेल तर तो शब्द पोकळ निघतो, आणि समोरच्यांना ते कळतं. त्यामुळं मनाला इकडंतिकडं भटकायला फुरसतच उरत नाही. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० माणसांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं होतं की आत्ता काय करताय, मन कुठं आहे, बरं वाटतंय का. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि मन भटकत असताना माणसं कमी आनंदी होती. शिकवणं हे त्या भटकण्याला बांध घालतं. घरातली काळजी, कुणाचं आजारपण, पैशाची ओढाताण दाराबाहेर तशीच उभी असते, पण तासभर ती आत येत नाही.

दुसरं, बघण्याचं सुख. लंडनमध्ये बिआट्रिझ काल्व्हो-मेरिनो यांनी २००५ मध्ये बॅले नर्तकांना आणि कापोएरा हा ब्राझीलचा लढाऊ नाच खेळणाऱ्यांना दोन्ही नाचांच्या चित्रफिती दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले. ज्याला जो नाच अंगात मुरलेला, तो बघताना त्याच्या मेंदूतले हालचालीशी निगडित भाग जास्त जागे झाले. वर्षानुवर्षं शिकवल्यावर मला हे अनुभवानं पटतं. समोरच्या मावशीनं श्वास सोडून खांदा खाली आणला की माझाही खांदा सैल होतो. एका तासात वीस जणींचं सैल होणं माझ्या अंगातून जातं. आता याला संशोधनानं पूर्ण दुजोरा दिलाय असा माझा दावा नाही, पण शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि तिसरं, एखादीचं सुटत जाणं डोळ्यांसमोर बघणं. विड्या वळणारी एक काकू वर्गाच्या कोपऱ्यात उभी राहायची, हात पोटाशी बांधून. काही महिन्यांनी एकदा चपला घालता घालता म्हणाली, "बाई, आता विड्या वळताना बी खांदा खाली सोडतोय बघा." तिचं दुखणं गेलं नव्हतं, मजुरीही वाढली नव्हती. पण दिवसभराच्या कामात स्वतःच्या शरीराला विचारायची सवय तिला लागली होती, आणि ती मी दिलेली नव्हती, तिनं शोधली होती. असं काही ऐकल्यावर मला जे वाटतं ते टाळ्यांनी कधी वाटलं नाही. मी पूर्वी मंचावर नाचले आहे, म्हणून हे सांगू शकते.

याला किंमतही आहे. सलग वर्ग घेतले तर घसा बसतो, गुडघे बोलतात, आणि दुसऱ्याचं दुःख ऐकून ऐकून मन जड होतं. त्यामुळं शिकवणाऱ्यानं स्वतःसाठी, कुणालाही काही न सांगता, हलण्याचा वेळ ठेवलाच पाहिजे. शिवाय दुसऱ्या कुणाच्या तरी वर्गात शिकणारा म्हणून जाऊन उभं राहावं.

जपायच्या गोष्टी

छातीत दुखणं, चक्कर, नुकती झालेली शस्त्रक्रिया, ठिसूळ हाडं यांत आधी डॉक्टरांना विचारावं. ज्यांना घबराटीचे झटके येतात त्यांना छातीतल्या धडधडीकडं लक्ष द्यायला लावू नये. भीती वाढू शकते. त्यांना पावलांकडं, भिंतीच्या स्पर्शाकडं, खोलीतल्या आवाजांकडं वळवावं. अंगावर अत्याचार सोसलेल्या बाईला स्वतःच्या शरीरात डोकावणं कधी फार जड जातं. ती मध्येच बाहेर गेली तर जाऊ द्यावं, मागं लागू नये. आणि झोप उडालेली, जगणं नको झालेलं असं कुणी बोललं तर नाचाच्या भरवशावर बसायचं नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं, आणि धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आपल्याला जवळ आहे.

म्हाताऱ्या माणसांसाठी तोलाचा सराव मुद्दाम ठेवावा. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून ६५ वर्षांवरच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारी हालचाल करायला सांगते. पडण्यावरच्या अभ्यासांच्या २०१९ च्या मोठ्या आढाव्यात व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. नुसत्या नाचानं तेवढं होतं का, याचा पुरावा त्यात पुरेसा नव्हता. म्हणून भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, हे मी नाचातच मिसळते.

गल्लीत असा गट सुरू करायचा असेल तर गणपती मंडळाची खोली किंवा देवळाचा सभामंडप पुरतो. आठ-दहा जणी पुष्कळ झाल्या. वेळ बायकांना विचारून ठरवावी: मागावर जाणारीला सकाळ जमत नाही, शाळकरी मुलांच्या आयांना दुपार बरी. खोलीला खिडक्या असतील तर बघे जमतात, तेव्हा पडदा आधी लावावा. मोबाइल पिशवीत ठेवावेत आणि चित्रण कुणीच करू नये, शिक्षिकेनंही नाही. पहिल्या दिवशी नवं काही शिकवू नये. कुणाला कुठली फुगडी येते ते विचारावं, बसफुगडी, दंडफुगडी, जी येईल ती; गुडघे दुखणारीनं टाळ वाजवावेत. आपल्याकडं मृग लागल्यापासून फरशीला जी ओल धरते ती थेट गणपतीपर्यंत उतरत नाही, म्हणून त्या दिवसांत सतरंजी बाजूला काढून, फरशी कोरडी पुसून घेऊन मगच पाय हलवायला लावावेत.